कमी खाणारी कोंबडी कुठं मिळते? वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मका आणि सोयापेंडीच्या भावावर लिहिलं होतं, त्यावर यावेळी जे मेसेज आले त्यातल्या बऱ्याच जणांचा सूर एकच, की भाव आमच्या हातात नाही तर निदान कमी खाणारी कोंबडी तरी सांगा. मागणी रास्त आहे, पोल्ट्रीत रुपयातले पासष्ट-सत्तर पैसे खाद्यावरच जातात. फक्त "कमी खाणारी" कोंबडी शोधायला निघालात तर बहुतेक आजारी कोंबडीच सापडेल, कारण कमी तीच खाते. बघायचं असतं ते खाल्लेलं जातं कुठं, मांसात, अंड्यात, नुसतं अंग गरम ठेवण्यात, का जमिनीवर सांडण्यात. यावेळचे प्रश्न त्यावरचेच निवडलेत. त्यात एफसीआर सारखा येईल, म्हणजे एक किलो वजनामागं किती किलो खाद्य लागलं तो आकडा, जितका लहान तितका चांगला; सीएफसीआर म्हणजे तोच, पण सगळ्यांना एका वजनावर आणून करेक्ट केलेला. नावं काढून टाकलीत कारण अर्ध्या लोकांचे कंपन्यांशी करार आहेत, उगाच कुणाला त्रास नको.

"त्याच कंपनीची पिल्लं, त्याच हॅचरीची. मित्राचा सीएफसीआर १.५५ बसतो, माझा १.७० च्या खाली येत नाही. सुपरवायझर म्हणतो पिल्लं सारखीच असतात. मला वाटतं मला ब्रीडच हलकं देतात. दुसरं ब्रीड मागून घेऊ का? शेड ५००० चं आहे."
(करारावर ब्रॉयलर करणारे, संगमनेर)

ब्रीड मागून काही होणार नाही, सुपरवायझर या बाबतीत खरं बोलतोय. एकाच ब्रीडच्या, एकाच हॅचरीतून निघालेल्या पिल्लांत रक्ताचा फरक इतका नसतोच की एफसीआर ०.१५ ने हलेल. हां, एक फरक पडतो, पिल्लांचे आईबाप किती वयाचे आहेत त्याचा. नुकत्याच अंड्यावर आलेल्या पॅरेंट कोंबडीचं अंडं लहान म्हणून पिल्लू पण लहान निघतं आणि पहिल्या आठवड्यात ते मागं राहतं. पण हे एखाद्या लॉटला होईल, प्रत्येक लॉटला तुमच्याच नशिबी लहान पिल्लं येणार नाहीत.

आधी आकडा स्वतः काढायला शिका, सुपरवायझरच्या कागदावर सही करून मोकळे होऊ नका. समजा ५००० पिल्लं टाकली, ४८०० विकली, सरासरी वजन २.३ किलो, म्हणजे ११,०४० किलो माल गेला. खाद्य लागलं १८,००० किलो. भागाकार केला की एफसीआर १.६३. आता पक्षी जेवढा मोठा करून विकाल तेवढा शेवटचा किलो महाग पडतो, म्हणून सगळ्यांना दोन किलोवर आणून मोजायची आपल्याकडे पद्धत पडलीये, त्यात दोनमधून सरासरी वजन वजा करून चारने भागतात आणि एफसीआरमध्ये मिळवतात. इथं दोन वजा २.३ म्हणजे उणे ०.३, त्याला चारने भागून उणे ०.०७५, म्हणजे सीएफसीआर १.५५ च्या आसपास. तुम्ही आणि मित्र दोघंही हाच हिशोब बघताय ना, का एक जण साधा एफसीआर सांगतोय आणि एक जण करेक्टेड, एवढं आधी तपासा. असल्या पत्रांत अर्ध्या वेळी भांडण इथंच मिटतं.

मिटलं नाही तर मग शेडमध्ये शोधा. ०.१५ चा फरक वरच्या हिशोबात १६५० किलोच्या घरात जातो, म्हणजे पन्नास किलोच्या तेहतीस गोण्या. एवढं खाद्य गायब होतं म्हणजे ते कुठंतरी दिसायला पाहिजे. फीडरची कड पक्ष्याच्या पाठीच्या उंचीला आहे का? खाली असेल तर पक्षी चोचीने उकरून सांडतो आणि ते तुसात मिसळतं. फीडर काठोकाठ भरता का? भरू नका, एक तृतीयांश बास. दुसरं म्हणजे मरतूक कधी होते. पहिल्या आठवड्यात मेलेलं पिल्लू खाऊन खाऊन किती खाणार, पण पस्तिसाव्या दिवशी मेलेल्या पक्ष्याने तीन किलोच्या आसपास खाल्लेलं असतं आणि वजनकाट्यावर तो शून्य. शेवटच्या आठवड्यात शंभर पक्षी गेले तर तीन क्विंटल खाद्य गेलं. तिसरं तुमच्या भागातली थंडी. डिसेंबरच्या रात्री ब्रूडिंगला, म्हणजे लहान पिल्लांना ऊब देताना, पिल्लांच्या उंचीवर पहिले दिवस ३२-३३ डिग्री मिळत नसेल तर पिल्लू खाद्य खातंय पण ते शेकोटीसारखं जाळून अंग गरम ठेवतंय, वाढायला उरत नाही. थर्मामीटर खांबाला डोक्याच्या उंचीवर टांगलेला असतो बऱ्याच ठिकाणी, तो खाली आणा, पिल्लू तिथं राहत नाही.

"चाळीस दिवसात अडीच किलोची कोंबडी नैसर्गिक कशी असेल? हार्मोनची इंजेक्शनं देतात हे उघड गुपित आहे, तुम्ही ब्रीडिंगचं नाव सांगून लोकांना का फसवता?"
(वाचक, पुणे)

५००० पक्ष्यांना रोज इंजेक्शन कोण देणार साहेब? वाढीचं हार्मोन प्रोटीन असतं, खाद्यातून दिलं तर पोटात इतर प्रोटीनसारखंच पचून जातं, त्यामुळे टोचल्याशिवाय उपयोग नाही आणि टोचायला माणसं परवडत नाहीत. औषधांबद्दल, विशेषतः अँटिबायोटिक्सबद्दल काळजी करा, ती रास्त आहे. हार्मोनबद्दल नको.

आणि ब्रीडिंगचा पुरावा मागितलात तर तो फार सुंदर आहे. अमेरिकेत आणि कॅनडात १९५७ सालच्या ब्रॉयलरचा वंश निवड न करता तसाच सांभाळून ठेवलेला आहे, म्हणजे जुनी कोंबडी आजही जिवंत मिळते. २००१ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात तो जुना वंश आणि रॉस ३०८ ही तेव्हाची ब्रॉयलर जात शेजारी शेजारी वाढवली, दोघांना जुन्या पद्धतीचं पण खाद्य देऊन बघितलं आणि नव्या पद्धतीचं पण. नव्या खाद्यावरचा रॉस १८१५ ग्रॅमला ३२ दिवसात पोचला, एफसीआर १.४७. जुन्या खाद्यावरच्या जुन्या वंशाला तेवढ्या वजनाला १०१ दिवस लागले असते आणि एफसीआर ४.४२. खाद्य आणि वंश यांचा वाटा वेगळा काढला तर फरकाचा ८५ ते ९० टक्के भाग रक्ताचा निघाला, खाद्याचा फक्त १० ते १५. पुढे कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाने १९५७, १९७८ आणि २००५ चे तीन वंश एकाच खाद्यावर वाढवले, ५६ दिवसांची वजनं आली ९०५ ग्रॅम, १८०८ ग्रॅम आणि ४२०२ ग्रॅम. एकच शेड, एकच खाद्य. इंजेक्शन असतं तर तिघांना लागू पडलं असतं की.

त्यातले ३२ दिवस आणि १०१ दिवस हे दोन आकडे मात्र सगळ्यांनीच लक्षात ठेवा, एफसीआरची निम्मी गोष्ट त्यात आहे. पक्षी जिवंत राहण्यासाठीच रोज काही खाद्य खातो, वाढो न वाढो. ६९ दिवस कमी जगला म्हणजे ६९ दिवसांचा तो निव्वळ जगण्याचा खर्च वाचला. म्हणजे पक्षी "पचवायला हुशार" झाला असं फारसं नाही, तो लवकर उरकतो.

"मागच्या लॉटमधले दहा सगळ्यात तगडे ब्रॉयलर ठेवले होते, दोन कोंबडे आठ माद्या. विचार होता की पुढची पिल्लं घरचीच करायची. निम्मे पक्षी पायाने बसले, चारच अंड्यावर आल्या, पिल्लं निघाली ती लहानमोठी, एकाचं दुसऱ्याला मेळ नाही. काय चुकलं?"
(तरुण शेतकरी, इंदापूर)

चुकलं असं काही नाही, तुम्ही जो पक्षी ठेवलात तो आईबाप व्हायला बनवलेलाच नाहीये. ब्रॉयलरचा धंदा वरपासून खालपर्यंत पाच मजली आहे. सगळ्यात वर शुद्ध वंश, खाली पणजोबा पिढी, मग आजोबा, मग पॅरेंट आणि मग तुमच्या शेडमधला पक्षी. त्याच्यात चार वेगवेगळे शुद्ध वंश एकत्र आलेले असतात. बापाकडचे दोन वंश वाढ, छाती आणि एफसीआर यासाठी निवडलेले, आईकडचे दोन वंश वाढीबरोबर अंडी जास्त देण्यासाठी, कारण आईने अंडीच दिली नाहीत तर पिल्लू महाग पडणार. हे चारही एकत्र आल्यावर जो जोम येतो तो पहिल्याच पिढीत असतो. तुम्ही त्या पिढीचं आपसात लावलंत की पुढच्या पिढीत चारही वंशांचे गुण पत्ते पिसल्यासारखे कसेही वाटले जातात, म्हणून तुमची पिल्लं लहानमोठी.

पाय गेले त्याचं कारण वेगळं. ब्रॉयलरच्या आईबापांना कंपनी पोटभर खायला घालत नाही. वाढण्याचं रक्त त्यांच्यातही आहेच, पोटभर दिलं तर ते पण तसेच फुगतात, पाय जातात, अंडी बिघडतात, नर माजावर येऊन चढू शकत नाही. म्हणून त्यांना मोजून, भुकेलं ठेवून वाढवतात. या धंद्यातली सगळ्यात अस्वस्थ करणारी बाजू मला हीच वाटते, पोराने भरभर खावं म्हणून निवडलेल्या वंशातल्या आईला आयुष्यभर अर्धपोटी ठेवायचं, आणि यावर अजून कुणाकडे पूर्ण उत्तर नाही.

अर्धं उत्तर फ्रान्समध्ये एकाने काढलं होतं ते मात्र ऐकण्यासारखं आहे. कोंबड्यांत एक बुटकेपणाचं जीन असतं, त्याने मादी साधारण तीस टक्के लहान राहते, अर्थात खाते पण कमी. ते जीन लिंगाशी जोडलेलं आणि दबून राहणारं आहे. पक्ष्यांत माणसाच्या उलट असतं, मादीकडे ते गुणसूत्र एकच असतं आणि ते ती फक्त मुलग्यांना देते, मुलींना त्या जागी बापाचं मिळतं. त्यामुळे आई बुटकी आणि बाप उंच असा जोड लावला तर मुली बापाचं जीन घेऊन उंच होतात, मुलगे एक बुटकं एक उंच घेऊन जवळपास उंचच दिसतात. म्हणजे आईचं खाद्य वाचलं आणि पोरं मोठीच. तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने वेडेट नावाची अशी बुटकी आई तयार केली होती. भारतात हे सगळं शुद्ध वंशापासून करणारी मोजकीच ठिकाणं आहेत. १९७१ साली डॉ. बी. व्ही. राव यांनी वेंकटेश्वरा हॅचरीज उभी केली आणि पुढे त्यांच्या वेनकॉब या ब्रॉयलरचं नाव गावोगाव गेलं, सरकारी बाजूला हैदराबादचं पोल्ट्री संशोधन संचालनालय आणि उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरची केंद्रीय पक्षी संशोधन संस्था. वरच्या मजल्यावर आज केलेली निवड तुमच्या शेडपर्यंत उतरायला चार-एक वर्षं लागतात, एवढं भांडवल अडकवून बसायची तयारी असेल तरच ब्रॉयलर ब्रीडिंगच्या नादाला लागा. नसेल तर दहा पक्षी रविवारी कापा आणि पाहुणे बोलवा.

"मी पशुवैद्यकच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सरांनी आरएफआय शिकवलं पण डोक्यावरून गेलं. एफसीआर असताना हे कशाला? आणि कंपन्या नक्की कशावर निवड करतात?"
(विद्यार्थिनी, परभणी)

प्रश्न आवडला म्हणून जागा जास्त देतोय, बाकीच्यांनी कंटाळा आला तर पुढच्या प्रश्नावर उडी मारा.

एफसीआर म्हणजे भागाकार, वर खाद्य खाली वाढ. भागाकार दोन्ही बाजूंनी सुधारतो. तू फक्त एफसीआर बघून नर निवडलेस तर बहुतेक वेळा तुझ्या हाती भरभर वाढणारे नर लागतील, कारण खालचा आकडा मोठा झाला की उत्तर आपोआप लहान होतं. मग तू खरं म्हणजे वाढीवरच निवड केलीस, खाद्याचा हिशोब ठेवायची मेहनत वाया. आणि भरभर वाढीबरोबर जे येतं ते पण आलं, पायाचे त्रास, आणि हृदय-फुप्फुसावर ताण येऊन पोटात पाणी होणं.

आरएफआय म्हणजे उरलेलं खाणं. आधी असं विचारायचं की या वजनाच्या, एवढी वाढ केलेल्या किंवा एवढी अंडी दिलेल्या पक्ष्याने किती खायला हवं होतं? हे कळपाच्या सरासरीवरून समीकरण मांडून काढतात. मग त्याने खरंच खाल्लं किती? दोघांतला फरक म्हणजे आरएफआय. समजा दोन कोंबड्या, दोघींचं वजन दीड किलो, दोघी रोज जवळपास सारखीच अंडी देतात, समीकरण म्हणतं दोघींनी ११० ग्रॅम खावं. एक १०४ खाते, तिचा आरएफआय उणे ६. दुसरी ११७ खाते, अधिक ७. एफसीआरने मोठी-लहान, जास्त वाढणारी-कमी वाढणारी यांची सरमिसळ होते, इथं ती बाजूला काढली जाते आणि जे उरतं ते पक्ष्याच्या आतल्या यंत्राचं. कल्पना मूळ गुरांवरची, १९६३ सालची, पोल्ट्रीत नंतर आली. आनुवंशिकता मध्यम आहे, बहुतेक अभ्यासांत ०.२ ते ०.४ च्या दरम्यान, म्हणजे निवड केली तर पिढीगणिक फळ मिळतं.

आता तेरा ग्रॅम जातात कुठं, खरी मजा इथं आहे. फ्रान्समध्ये १९७० च्या दशकात ऱ्होड आयलंड रेड कोंबड्यांचे दोन वंश मुद्दाम उलट दिशेने निवडायला सुरुवात केली, एक जास्त खाणारा एक कमी खाणारा, वजन आणि अंडी सारखी धरून. काही पिढ्यांनी दोन्हीकडच्या कोंबड्या नुसत्या बघून ओळखू यायला लागल्या. जास्त खाणाऱ्यांचा तुरा मोठा, हनुवटीखालचे लाल लोंबते भाग मोठे, म्हणजे अंगावर उघडी कातडी जास्त. त्या जास्तीचं खाद्य उष्णता करून बाहेर टाकत होत्या आणि शरीराने ती टाकायला रेडिएटर मोठा करून घेतला. कमी खाणारीचा तुरा लहान. तुझ्या सरांना विचार की मग कमी आरएफआयची कोंबडी मे महिन्यात परभणीत काय करेल. एका बाजूने ती आत उष्णताच कमी तयार करते म्हणून बरं, दुसऱ्या बाजूने तिच्याकडे उष्णता टाकायची जागा लहान. यावर वर्गात तासभर भांडण होऊ शकतं, होऊ दे.

तिथंच ब्रॉयलरमध्ये आणखी एक निवड झाली, गव्हाच्या खाद्यातली ऊर्जा कोण जास्त पचवतो यावर. चांगलं पचवणाऱ्या वंशाची गिझर्ड, म्हणजे दाणा दळणारी पोटातली पिशवी, मोठी निघाली. दळण चांगलं तर पुढं पचन चांगलं, आपल्या आजीला विचारलं असतं तर तिनेही हेच सांगितलं असतं, पण मोजून सिद्ध झालं हे वेगळं.

कंपन्यांचं विचारतेस तर त्या एकाच गुणावर निवड कधीच करत नाहीत, वाढ, खाद्य, छाती, पाय, हृदय, अंडी, उबवण, जगण्याचं प्रमाण असे कितीतरी गुण एका निर्देशांकात बांधून वजनं देतात. अडचण एकच होती, मोजायचं कसं? प्रत्येक पक्ष्याचं खाणं मोजायला त्याला वेगळ्या पिंजऱ्यात टाकावं लागायचं आणि एकटा पक्षी कळपातल्यासारखा खात नाही, मारामारी नाही, रांग नाही. गेल्या वीसेक वर्षांत पक्ष्याच्या अंगावर चिप लावून गादीवरच्या कळपात ठेवतात, फीडर वजनकाट्यावर, पक्षी डोकं घालतो तेव्हा चिप वाचली जाते आणि किती ग्रॅम खाल्लं ते त्याच्या नावावर जमा होतं. कितीदा आला, किती वेळ खाल्लं हेही कळतं. २००४ मध्ये कोंबडीचा जीनोम जाहीर झाला, त्यापुढे जीनच्या खुणा वाचून निवड आली, त्यामुळे ज्याचं खाणं मोजलंच नाही त्या भावंडाचाही अंदाज बांधता येतो. अंडी न देणाऱ्या नराचा अंड्याचा अंदाज तर त्यामुळे फार सोपा झाला.

"आमच्या बचत गटात प्रत्येकीकडे पंधरा-वीस गावरान कोंबड्या आहेत. बाहेर फिरून खातात, संध्याकाळी मका-तांदळाची कणी टाकतो. एकीला वर्षाला साठ अंडी पण होत नाहीत. कुठली कोंबडी ठेवावी, कुठली विकावी?"
(जव्हार)

ताई, वरचं एफसीआर-बिफसीआर विसरा, तुमच्या कोंबड्या निम्मं पोट स्वतः भरून येतात आणि त्याचा हिशोब कुणाला ठेवता येत नाही. तुमच्यासाठी मोजायची गोष्ट एकच, अंडी. प्रत्येक कोंबडीच्या पायात वेगळ्या रंगाची दोरी किंवा बांगडीचं प्लॅस्टिक बांधा आणि वहीत रोज कुणी दिलं ते लिहा. कोण कुठं देतं हे घरातल्या पोरांना बरोबर माहीत असतं, त्यांच्याकडे द्या हे काम.

सहा महिन्यांनी वही बघा. ज्या कमी देतात आणि अंगाने मोठ्या आहेत त्या आधी विका, मोठं अंग नुसतं सांभाळायलाच रोज जास्त कणी लागते. लहान अंगाची, भरपूर देणारी ती ठेवा. अंडं देणारी ओळखायची सोपी खूण म्हणजे शेपटीखालच्या दोन टोकदार हाडांमध्ये दोन-तीन बोटं बसतात, न देणारीत एक बोट जेमतेम. तुरा लाल, गरम आणि मऊ असतो. जी वर्षातून चार-चारदा खुडूक बसते ती अंड्याचे कितीतरी आठवडे वाया घालवते, पण सगळ्याच खुडूक काढून टाकू नका, नाहीतर पिल्लं कोण काढणार, गटात दोन-तीन चांगल्या आया राहू द्या आणि बाकीच्यांची अंडी त्यांच्याखाली ठेवा.

कोंबडा निवडताना सगळ्यात मोठी गफलत होते. जत्रेला दिसायला भारी, तुरेबाज तो ठेवतात. कोंबडा स्वतः अंडी देत नाही पण त्याच्या प्रत्येक मुलीत अर्धं रक्त त्याचं, म्हणून ज्या कोंबडीच्या वहीत सगळ्यात जास्त अंडी आहेत तिचाच मुलगा ठेवा, मग तो दिसायला साधा का असेना. आणि तो तिच्या घरी ठेवू नका, दुसऱ्या पाड्यावरच्या ताईंशी बदला, म्हणजे बहीण-भावाचं लागणार नाही. दर वर्षा-दीड वर्षाने हा बदल करा.

लवकर फरक हवा असेल तर सुधारित जाती आहेत. हैदराबादची ग्रामप्रिया अंड्यासाठी चांगली, परसात १६०-१८० पर्यंत देते, वनराजा अंडी कमी पण अंगाने भारी. मात्र त्या गावरानसारख्या खुडूक बसत नाहीत, पिल्लं बाहेरून आणावी लागतात, आणि पहिले सहा आठवडे उबेत, लस देऊन सांभाळावी लागतात. शिवाय नुसत्या फिरण्यावर सोडल्या तर पुस्तकातली अंडी मिळणार नाहीत, जातीला तेवढं खायला लागतं. माझं मत विचाराल तर गटातल्या दोघींनी ग्रामप्रिया घ्या, बाकीच्यांनी वही धरून गावरानच सुधारा, वर्षभराने कुणाच्या हातात किती पैसे राहिले ते तुम्हीच बघा.

"कडकनाथ कमी खातो आणि रेट जास्त मिळतो, मग ब्रॉयलर सोडून हाच का करू नये?"
(वाचक, बीड)

कमी खातो कारण वाढत नाही. किलो-सव्वा किलो व्हायला पाच महिने घेतो, तेवढे दिवस जगण्याचं खाद्य तुम्हीच घालणार, म्हणून किलोमागं खाद्य ब्रॉयलरच्या कितीतरी पट. अंडी वर्षाला शंभराच्या आत-बाहेर. झाबुआच्या या पक्ष्याला २०१८ मध्ये जीआय टॅग मिळाला, चव आहे, नाव आहे, गिऱ्हाईक स्वतः शोधलेलं असेल तर करा. "पिल्लं आमच्याकडून घ्या, अंडी आम्हीच विकत घेऊ" म्हणणाऱ्याच्या भरवशावर करू नका.

"बीव्ही ३०० लेअर (अंड्याच्या कोंबड्या), वय ७४ आठवडे, उत्पादन ७४-७५ टक्क्यांवर आलंय. खाद्य मात्र तेवढंच खातात. आणखी दोन महिने ठेवू का काढू?"
(लेअर फार्म, विटा)

हिशोब सरळ आहे, रोजचं खाद्य भागिले उत्पादन. ११० ग्रॅम खाणारी कोंबडी ९० टक्क्यांवर, म्हणजे शंभर कोंबड्यांत रोज नव्वद अंडी, असताना एका अंड्याला १२२ ग्रॅम पडत होतं, ७५ टक्क्यांवर १४७. खाद्य तेवढंच का, तर निम्म्याहून जास्त जगण्यातच जातं, अंडं देवो न देवो. १४७ ग्रॅमचा खर्च आजच्या अंड्याच्या भावात, कवच पातळ होऊन फुटणारी अंडी वजा करून बसत असेल तर ठेवा. श्रावण तोंडावर असेल तर मी थांबणार नाही. पिसं झडलेल्या कोंबड्या जास्त असतील तर आधीच काढा, उघड्या अंगाला थंडी-वारा लागतो आणि त्याची भरपाई खाद्यातून होते.

"चंद्रपूरला उन्हाळ्यात ब्रॉयलर पटापट मरतात. उष्णता सहन करणारी आणि एफसीआर पण चांगला असणारी जात आहे का?"
(चंद्रपूर)

सगळं एकत्र नाही मिळत. भरभर वाढणारा पक्षी जास्त खातो, जास्त खाल्लं की अंगात उष्णता जास्त, आणि ४५ डिग्रीला ती टाकायची कुठं? पक्ष्याला घाम येत नाही. या कामासाठी एक चांगलं जीन आहे, मान उघडी असणारं. एका बाजूने आलं तर पिसं साधारण वीस टक्के कमी, दोन्ही बाजूंनी आलं तर चाळीस टक्क्यांपर्यंत, त्यामुळे गरम हवेत पक्षी जास्त खातो आणि वजन टिकवतो. थंडीत मात्र तोच उलटा पडतो, अंग गरम ठेवायला जास्त खातो. इज्जतनगरला याचा वापर करून हितकारी नावाचा परसातला पक्षी काढलाय. पण कंपनीच्या करारात उघड्या मानेचा पक्षी तुम्हाला कुणी देणार नाही, गिऱ्हाईक दुकानात बघून नाक मुरडतं.

तेव्हा एप्रिल-मेमध्ये लहान वजनाला, दीड-पावणेदोन किलोला लिफ्टिंग (कंपनीने पक्षी उचलणं) मागा, मोठाच पक्षी आधी मरतो. दुपारी अकरा ते पाच खाद्य वर उचला, पहाटे आणि रात्री लाइट लावून खाऊ द्या. छपराला पांढरा रंग मारा, टाकी सावलीत घ्या आणि पक्षी पाणी पितात ती निपलची पाइप दुपारी एकदा सोडून आतलं गरम पाणी काढून टाका. शेडमध्ये नेहमीपेक्षा दहा-पंधरा टक्के पिल्लं कमी टाका, कंपनी तयार नसेल तर उन्हाळ्याचा लॉट सोडून शेड धुवून रिकामं ठेवलेलं पुष्कळदा स्वस्त पडतं.